हसरत मोहानींचं चरित्र मराठीत लिहायचं तर: अठ्ठेचाळीस पानी पुस्तिकेची पूर्वतयारी

मौलाना हसरत मोहानी हे नाव मराठवाड्यात दोन वाटांनी पोचलेलं असतं. मोर्चात ‘इन्कलाब झिंदाबाद’ म्हणणाऱ्याला कधीतरी कळतं की ही घोषणा त्यांची. गझल ऐकणाऱ्याला ‘चुपके चुपके रात दिन’ त्यांची असल्याचं माहीत असतं. दोन्हींच्या मागे माणूस एकच, हे मात्र फार कमी जणांच्या लक्षात येतं. मराठीत त्यांच्यावर जे चार-पाच परिच्छेद फिरत असतात त्यात तर ‘कवी’ आणि ‘क्रांतिकारक’ असे दोन वेगळे हसरत असतात, आणि मधला संपादक, कैदी, स्वदेशीचा दुकानदार, घटना समितीचा सभासद गायबच असतो. गावातल्या वाचनालयाने, शाळेने किंवा अभ्यास मंडळाने एक नेटकी पुस्तिका काढायची ठरवली, तर हे चित्र बदलता येईल. ती कशी काढायची, त्याची ही कृती आहे.

आधी आकार ठरवा. डेमी आकारात सोळा पानांचा एक फॉर्म होतो. तीन फॉर्म म्हणजे ४८ पानं, सेंटर पिन बसते आणि कण्याची भानगड राहत नाही. ५० पानांचा मजकूर झाला तर वरच्या दोन पानांसाठी चौथा फॉर्म उघडावा लागतो आणि खर्च वाढतो. म्हणून लिहिण्याआधीच पानं वाटून घ्या. वाचायला सोपा टाइप ठेवला तर एका पानात साधारण २७० शब्द बसतात. शीर्षक, मुद्रण-माहिती, अनुक्रम आणि निवेदन यांची चार पानं सोडली की ४४ उरतात. बालपण आणि अलीगढला पाच. ‘उर्दू-ए-मुअल्ला’ मासिक आणि १९०८ चा तुरुंगवास यांना दहा. स्वदेशीचं दुकान आणि बेगम निशातुन्निसा यांना पाच. १९२१ ते १९२४ या वर्षांना नऊ. तिथून १९४७ पर्यंत सहा. घटना समिती आणि अखेर यांना चार. शेवटची पाच पानं कालपट आणि शब्दार्थांसाठी. या वाटपात ‘हसरत यांची शायरी’ असं वेगळं प्रकरण नाही. शायरी ज्या वर्षी, ज्या कोठडीत झाली तिथेच ती यायला हवी. वेगळं प्रकरण काढलं की दोन हसरत पुन्हा तयार होतात.

माणसं तीन लागतात: मराठीत लिहिणारा एक, उर्दू लिपी सराईतपणे वाचणारा एक आणि या दोघांच्या कामात न पडलेला, फक्त तपासणारा एक. दुसरा माणूस मराठवाड्यात शोधायला लांब जावं लागत नाही. १९४८ पर्यंत इथल्या कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि आजही प्रत्येक जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. निवृत्त उर्दू शिक्षक सगळ्यात उत्तम, कारण त्यांना शब्द फोडून सांगायची सवय असते. त्यांना ‘भाषांतर करून द्या’ म्हणू नका. ते वाचतील, लिहिणारा देवनागरीत जसंच्या तसं उतरवेल, आणि पान संपलं की लिहिणारा परत वाचून दाखवेल. ही उलट वाचनाची पायरी घाई असली तरी टाळायची नाही; निम्म्या चुका तिथेच सापडतात. एका बैठकीत तीन-चार पानांपेक्षा जास्त घेऊ नका. जुनी उर्दू पुस्तकं कातिबाने हाताने लिहून लिथोवर छापलेली असतात, नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, उडालेले असतात आणि डोळा दमला की ‘बे’चा ‘पे’ होतो. मोबाइलने फोटोतून अक्षर ओळखण्याची सोय अशा पानांवर भरवशाची नाही. तिच्यावर विसंबून काढलेला मजकूर वाचायला सरळ वाटतो, आणि म्हणूनच घातक.

साधनं कुठून आणायची? हसरत यांचं समग्र काव्य, म्हणजे कुल्लियात, अनेकदा छापून निघालेलं आहे. ‘उर्दू-ए-मुअल्ला’चे काही जुने अंक आणि ही पुस्तकं ‘रेख्ता’च्या संकेतस्थळावर पान उलटत वाचता येतात. तुरुंगाच्या आठवणी त्यांनी स्वतः लिहून ठेवल्या आहेत, ‘मुशाहिदात-ए-ज़िंदाँ’ या नावाने. चरित्र लिहिणाऱ्याला यापेक्षा मोठी ठेव नाही. घटना समितीतली त्यांची भाषणं संसदेच्या छापील वृत्तांतात दिनांकवार आहेत. १९२२ चा खटला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता, त्यामुळे त्याचा निकाल ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’च्या १९२२ च्या, म्हणजे चोविसाव्या खंडात मिळतो. जिल्ह्याच्या वकील संघाच्या ग्रंथालयात विचारून पाहा, जुने खंड तिथे असण्याची शक्यता चांगली. एखाद्या वकिलाला सोबत न्या. निकालातली भाषा त्याला पाच मिनिटांत उलगडते, आपल्याला आठवडा लागतो.

आता एक जाड वही घ्या आणि तिला पाच रकाने आखा: छापलेली तारीख जशी आहे तशी, तिची इसवी तारीख, घटना, ठिकाण आणि आधार पानासह. प्रत्येक नोंद एका ओळीत. आधाराचा रकाना रिकामा राहिलेली नोंद पुस्तिकेत जाणार नाही, हा नियम पहिल्याच दिवशी तिघांनी मान्य करावा. वहीचा कणा म्हणून पुढच्या नोंदी आधी भरून ठेवा. मूळ नाव सय्यद फजलुल हसन. गाव मोहान, आताच्या उत्तर प्रदेशातला उन्नाव जिल्हा. काव्यगुरू अमीरुल्ला तस्लीम. अलीगढच्या एम.ए.ओ. (मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल) कॉलेजातून १९०३ मध्ये बी.ए. आणि त्याच वर्षी ‘उर्दू-ए-मुअल्ला’ सुरू. १९०७ च्या सुरत काँग्रेसमध्ये टिळकांच्या बाजूने. १९०८ मध्ये राजद्रोहाचा खटला. १९१३ मध्ये प्रेस ॲक्टचा बडगा आणि मासिक बंद. १९१६ ते १९१८ पुन्हा कैद. डिसेंबर १९२१, अहमदाबाद. १९२२ ते १९२४ तुरुंग, त्यात येरवडा. डिसेंबर १९२५, कानपूरची कम्युनिस्ट परिषद. १९४६ पासून घटना समिती. १३ मे १९५१, लखनौमध्ये निधन.

या कण्यावर मांस चढवताना सगळ्यात जास्त गोंधळ तारखांचा होतो, आणि मराठवाड्यात तो दुप्पट होतो, कारण इथल्या जुन्या कागदांत तिसरं पंचांग घुसलेलं असतं.

उर्दू कागदावर नुसतं ‘१३३१’ दिसलं तर ते कोणतं साल? हिजरी असेल तर ते डिसेंबर १९१२ मध्ये सुरू होऊन १९१३ च्या नोव्हेंबरात संपतं. हैदराबाद संस्थानातलं फसली, म्हणजे महसुली साल असेल तर ते ऑक्टोबर १९२१ ते ऑक्टोबर १९२२. फरक जवळजवळ नऊ वर्षांचा. हसरत यांच्या बाबतीत हा फरक म्हणजे मासिकावर आलेलं संकट आणि संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव यांच्यामधलं अंतर. ओळखायची खूण अशी: सालाच्या शेवटी ‘ऐन’चं चिन्ह असेल तर इसवी, ‘हे’ असेल तर हिजरी, ‘फे’ असेल तर फसली. चिन्ह पुसलेलं असेल तर महिना पाहा. मोहरम, सफर, रबीउलअव्वल, रजब, शाबान हे हिजरी महिने. आजूर, दै, बहमन, खुर्दाद, तीर, शहरेवर, आबान हे निजामी फसलीचे महिने. त्यांची नावं इराणी आहेत. शेतसाऱ्याचे जुने कागद हाताळलेल्या माणसाला हे तोंडपाठ असतं, त्याला विचारा.

फसलीचं इसवी करणं सोपं आहे. हैदराबादचं फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ६ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई. आजूर, दै आणि बहमनचे पहिले काही आठवडे ऑक्टोबर ते डिसेंबरात येतात, त्यांना ५९० मिळवा. पुढच्या महिन्यांना ५९१. हिजरीचं वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून सरळ बेरीज चालत नाही. हिजरी साल गुणिले ०.९७ अधिक ६२२ हा ठोकताळा साल सांगतो. महिना आणि दिवस हवा असेल तर छापील कोष्टकच वापरा. उदाहरणार्थ १३४० हिजरी: गुणाकार १२९९.८, त्यात ६२२ मिळवले की १९२१.८. खरोखरच ते वर्ष सप्टेंबर १९२१ ते ऑगस्ट १९२२ असं आहे. चंद्रदर्शनामुळे एका दिवसाचा फरक राहू शकतो, तो मानूनच चाला. आणि एक सावधगिरी: उत्तर हिंदुस्थानातल्या फसलीचा हिशेब हैदराबादच्या फसलीहून वेगळा आहे. हसरत त्या बाजूचे. तिकडचा महसुली कागद हाती आला तर इथलं ५९० तिथे लावू नका.

आकड्यांचं वाचनही जपून करा. उर्दूतला शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि लिथोच्या पानावर शाईचा डागही ठिपकाच असतो. सात आणि आठ एकमेकांचे उलटे, दोन आणि तीन यांत एका दात्याचा फरक. शंका आली तर त्याच पानावर दुसरीकडे तोच आकडा कातिबाने कसा काढला आहे ते शोधा.

जन्मसालावर अडून बसू नका. पुस्तकांत १८७५ पासून १८८१ पर्यंत वेगवेगळी सालं छापलेली आहेत. १८७५ धरलं तर बी.ए. होताना ते अठ्ठावीस वर्षांचे होते, १८८१ धरलं तर बावीस. मजकुरात एकच साल ठोकून देण्याऐवजी ‘१८७५ ते १८८१ च्या दरम्यान’ असं लिहा आणि पुढे कुठेही ‘वयाच्या अमुक वर्षी’ ही शब्दरचना वापरू नका. एका ठिकाणी सावध राहून दहा ठिकाणी वय लिहिलं की सगळी सावधगिरी वाया जाते.

१९०८ च्या प्रकरणाला दहा पानं दिली आहेत ती उगाच नाहीत. इजिप्तमधल्या इंग्रजी धोरणावर टीका करणारा, लेखकाचं नाव नसलेला एक लेख ‘उर्दू-ए-मुअल्ला’त आला. सरकारला लेखक हवा होता. हसरत यांनी नाव सांगितलं नाही, जबाबदारी स्वतःवर घेतली. दोन वर्षांची सक्तमजुरी आणि पाचशे रुपये दंड झाला. दंडाच्या वसुलीसाठी ग्रंथसंग्रहाचा लिलाव झाला. शिक्षा पुढे अपिलात कमी झाली, म्हणून ‘दोन वर्षं तुरुंगात होते’ असं लिहिलेलं दिसलं तर ते खोडा. टिळकांना मंडाल्याला पाठवणारा खटला त्याच वर्षीचा, राजद्रोहाच्या त्याच १२४अ कलमाखालचा. हे दोन खटले एकाच पानावर समोरासमोर ठेवा. मराठी वाचकाला टिळकांची बाजू पाठ असते, म्हणून हसरत यांची बाजू त्याला लगेच कळते. हसरत टिळकांना राजकारणातले गुरू मानत आणि टिळकांवर त्यांनी कविता केल्या आहेत, हेही इथेच यावं.

तुरुंगात त्यांना दळण होतं. रोज एक मण. इथे लिहिणारे हमखास घसरतात. मराठवाड्यात मण गावागणिक वेगळा होता, त्यामुळे म्हातारी माणसं ‘मण म्हणजे किती’ याची वेगवेगळी उत्तरं देतात. तुरुंगातला मण इंग्रजी मापाचा, चाळीस शेरांचा, म्हणजे साधारण ३७ किलो. हा आकडा किलोत द्या. ज्या घरात आजीने जात्यावर दळलेलं आहे तिथे ३७ किलो म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. विशेषणं घालू नका.

याच ठिकाणी तो शेर येतो:

है मश्क़-ए-सुख़न जारी चक्की की मशक़्क़त भी
इक तुर्फ़ा तमाशा है ‘हसरत’ की तबीअत भी

शेर द्यायची पद्धत एकच ठेवा. आधी मूळ ओळी, त्यांच्याखाली अवघड शब्द (सुख़न: काव्य, तुर्फ़ा: आगळा), मग साध्या गद्यात अर्थ: कवितेचा रियाज चालू आहे आणि जात्याचे कष्टही, या हसरतच्या स्वभावाची गंमतच न्यारी. यमक जुळवून मराठी शेर करायचा मोह प्रत्येकाला होतो. तो आवरा, वृत्त सांभाळताना नेमकं जातंच गळून पडतं. शेराला लागूनच तो कुठे आणि केव्हा झाला ते सांगा. एका पुस्तिकेत सहा-सात शेर पुरेत, त्याहून जास्त झाले की वाचक ते ओलांडून पुढे जातो. इंटरनेटवर हसरत यांच्या नावावर फिरणारा प्रत्येक शेर कुल्लियातमध्ये शोधून मगच घ्या. सापडला नाही तर सोडून द्या, कितीही चांगला असला तरी. कृष्णावरच्या त्यांच्या रचना मात्र जरूर घ्या. मथुरेची त्यांची ओढ खरी होती आणि ते धर्मनिष्ठ मुसलमान होते. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा, एकीने दुसरीची सफाई देऊ नका.

सुटून आल्यावर मासिक छापायला कोणी धजेना, म्हणून घरचाच छापखाना उभा राहिला. मग मासिकही बंद पडलं आणि त्यांनी स्वदेशी कापडाचं दुकान काढलं. आधी शायर, मग पुढारी, आता वाणी, अशा अर्थाचं एक वाक्य उर्दू लेखक शिबली नोमानींच्या नावावर सांगतात. ते वापरायचं तर ‘असं सांगतात’ या शब्दांसह वापरा. तिसऱ्या वर्गाचा प्रवास, मशिदीत मुक्काम अशा साधेपणाच्या गोष्टींनाही हाच नियम: पाहणाऱ्या माणसाने लिहून ठेवलेलं असेल तर घ्या.

बेगम निशातुन्निसा यांना ‘सौभाग्यवती’ म्हणून एका ओळीत गुंडाळू नका. नवरा तुरुंगात असताना मासिकाचा, छापखान्याचा आणि खटल्याचा भार त्यांनी वाहिला. पडदा सोडून त्या सार्वजनिक कामात उतरल्या. १९१७ मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी सरोजिनी नायडूंच्या पुढाकाराने जे शिष्टमंडळ भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलं, त्यात त्या होत्या. १९३७ मध्ये त्यांचं निधन झालं. कालपटात त्यांच्या नोंदी त्यांच्याच नावाने घाला. ‘बेगम हसरत मोहानी’ हे नाव जुन्या कागदांत येतं, म्हणून पहिल्या उल्लेखात दोन्ही नावं द्या.

अहमदाबादचा प्रसंग नीट लिहिला तर पुस्तिका उभी राहते. डिसेंबर १९२१ मध्ये तिथे काँग्रेस आणि मुस्लीम लीग यांची अधिवेशनं एकाच आठवड्यात होती. काँग्रेसमध्ये हसरत यांनी संपूर्ण स्वातंत्र्याची, परकी नियंत्रण अजिबात नसलेल्या स्वराज्याची मागणी मांडली. गांधीजींनी विरोध केला आणि ती फेटाळली गेली. लीगच्या अधिवेशनाचे हसरतच अध्यक्ष होते. त्या भाषणावरून त्यांच्यावर खटला झाला. १२४अ खाली शिक्षा झाली, पण राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा कलम १२१ चा आरोप मुंबई उच्च न्यायालयात टिकला नाही. दोन कलमं वेगळी लिहा. ती एक केली की सगळा कायदेशीर भाग चुकतो. काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला तो लाहोरला, डिसेंबर १९२९ मध्ये. आठ वर्षांचं हे अंतर आकड्यात दाखवा. ‘गांधीजींनी हसरत यांचं श्रेय लाटलं’ असली वाक्यं मात्र लिहू नका. गांधीजींचा आक्षेप त्या वेळची तयारी आणि ताकद पाहून होता. तो त्यांच्या शब्दांत अधिवेशनाच्या वृत्तांतात आहे, तो वाचून दोन वाक्यांत द्या.

‘इन्कलाब झिंदाबाद’चं श्रेय त्यांना देतात आणि ते द्यावं. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी ८ एप्रिल १९२९ ला दिल्लीच्या असेंब्लीत ती घोषणा दिली आणि ती देशभर गेली. पण पहिल्यांदा ती नेमक्या कोणत्या सभेत, कोणत्या तारखेला उच्चारली हे लिहायचं असेल तर त्या वेळचा छापील कागद हातात हवा. नसेल तर १९२१ च्या सुमाराला थांबा.

पुढचा भाग लिहिताना हात आखडतो, आणि तिथेच प्रामाणिकपणा हवा. हा माणूस १९२५ मध्ये कानपूरच्या पहिल्या कम्युनिस्ट परिषदेचा स्वागताध्यक्ष होता, नंतर मुस्लीम लीगमध्ये होता, लीगच्याच बाजूने घटना समितीत गेला, फाळणीनंतर इथेच राहिला, आणि १७ ऑक्टोबर १९४९ ला घटनेच्या उद्देशिकेवर चर्चा चालू असताना भारत हा समाजवादी प्रजासत्ताकांचा संघ असावा अशी दुरुस्ती सुचवून एकटा पडला. यातलं एकही वळण गाळू नका. लीग गाळली की तो सोयीचा राष्ट्रवादी होतो. कम्युनिस्ट परिषद गाळली की सोयीचा मौलाना होतो. घटना समितीच्या वृत्तांतात त्यांना अध्यक्ष अडवतात, सभासद हसतात, तरी ते बोलत राहतात. दीड पान सरळ त्या वृत्तांतावरून लिहा, आपलं मत न मिसळता.

मराठवाड्यात पुस्तिका वाचून झाली की एक प्रश्न हमखास येतो: मग हे रझाकारांचे होते का? उत्तर पुस्तिकेतच चौकटीत छापा. रझाकार ही हैदराबाद संस्थानातल्या इत्तेहादुल मुसलमीनची संघटना, तिचा पुढारी कासिम रझवी लातूरचा वकील. हसरत यांचं राजकारण संयुक्त प्रांतातलं, लीगमधलं. ही दोन वेगळी दालनं आहेत. त्याच चौकटीत शोएबुल्ला खान यांचं नाव द्या. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे हे तरुण संपादक, संस्थान भारतात यावं म्हणून लिहीत आणि ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी हैदराबादेत त्यांचा खून केला. मुसलमान लेखक म्हटलं की एकच बाजू गृहीत धरणाऱ्या वाचकाला ही एक नोंद पुरते.

कालपटाला म्हणूनच दोन रकाने ठेवा: डावीकडे हसरत, उजवीकडे मराठवाडा. डावीकडे १९०८ चा खटला चालतो तेव्हा उजवीकडे ब्रिटिशांचा नव्हे, निजामाचा कायदा असतो. पुढे तर सभेला, खासगी शाळेला, वाचनालयालासुद्धा परवानगी लागू लागते. डावीकडे १९१८ ची सुटका, उजवीकडे उर्दू माध्यमाचं उस्मानिया विद्यापीठ. डावीकडे १९२१, उजवीकडे त्याच वर्षी औरंगाबादेत मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दू या उर्दूच्या प्रसारासाठीच्या संस्थेचं त्रैमासिक सुरू केलं. डावीकडे १९३७ बेगमांचं निधन, उजवीकडे परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी. उजव्या रकान्यात नावं त्या काळची, म्हणजे औरंगाबाद, उस्मानाबाद अशी ठेवा आणि आजची नावं पहिल्या उल्लेखाला एकदाच द्या.

आता छपाई. देवनागरीत उर्दू शब्दांखालचे नुक्ते ठेवायचे की नाही हे सुरुवातीलाच ठरवा. चांगला मार्ग असा: शेरांत नुक्ते ठेवा, मराठी मजकुरात नको. मजकुरात फजल, गझल, कैद. शेरात मशक़्क़त, सुख़न. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून छापखान्यात दिला आणि तिथे तो जुन्या फॉण्टमध्ये बदलला गेला, तर नुक्ते उडतात, जोडाक्षरं फुटतात आणि ‘र्‍य’सारखी अक्षरं बिघडतात. म्हणून पानं युनिकोड चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच लावून घ्या. नाही जमलं तर फॉण्ट बदलल्यानंतरचं प्रूफ पहिल्या ओळीपासून वाचा, आधीचं वाचलेलं धरू नका. मूळ उर्दू ओळी छापायच्या असतील तर त्या नस्तालीकमध्ये, म्हणजे उर्दूच्या नेहमीच्या वळणात, टाइप करून किमान ६०० डीपीआयचं चित्र म्हणून पानात बसवा. मजकूर म्हणून चिकटवल्या तर अक्षरं सुटी होतात आणि ओळ उलटी लागते, आणि ते फक्त उर्दू वाचणाऱ्यालाच दिसतं. शेवटचं प्रूफ त्यामुळे उर्दू शिक्षकांच्या सहीशिवाय सोडू नका.

हक्कांची चिंता कमी आहे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. हसरत १९५१ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लिखाण २०१२ पासून सर्वांना खुलं आहे. पण दुसऱ्याने केलेलं भाषांतर, संपादकाच्या टिपा, अलीकडच्या आवृत्तीची प्रस्तावना यांचा हक्क त्या त्या माणसाचा. त्यातून घ्यायचं तर लेखी परवानगी घ्या. फोटो घेताना तो कुठे आधी छापला होता हे कळल्याशिवाय वापरू नका. ‘मौलाना आणि बाबासाहेब’, ‘मौलाना आणि गांधीजी’ असे फोटो चुकीच्या ओळींसह फिरत असतात. खात्रीचा एक फोटो मुखपृष्ठाला पुरतो.

आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन आणि विनामूल्य मिळतो, पण वेळ लागतो. पहिलं प्रूफ हातात आलं की अर्ज करा. पुस्तिका निघाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्यात नेमलेल्या मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवावी लागते. प्रकाशनाचा दिवस १३ मे ठेवायचा विचार असेल तर लक्षात घ्या, तेव्हा शाळा बंद आणि ऊन चाळिशीच्या वर. ज्या मुलांसाठी खटाटोप केला तीच येणार नाहीत. डिसेंबरचा शेवटचा आठवडा घ्या, अहमदाबादच्या अधिवेशनाचा. सभागृहही मिळतं आणि दुपारीसुद्धा माणसं बसतात.

पाच रकान्यांची वही फेकू नका. तिची एक झेरॉक्स बांधून पुस्तिकेच्या प्रतीसोबत वाचनालयात नोंदवून ठेवा, म्हणजे पुढे कोणी चूक दाखवली तर कोणत्या आधारावर ते वाक्य लिहिलं होतं हे तपासून दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करता येईल.